खोक्यावरचे २५० मैल

पुन्हा तेच! न्यू जर्सीतल्या मित्राने टीव्हीची नवी अँटेना आणली. खोक्यावर ठसठशीत छापलंय, ‘२५० मैल रेंज’. अरे, पृथ्वी गोल आहे! साठ-सत्तर मैलांपलीकडे टीव्ही स्टेशनचा मनोराच क्षितिजाखाली जातो, मग सिग्नल येणार कुठून? आणि ‘एचडी अँटेना’ म्हणजे काय? छपरावरची जुनी काटेरी अँटेनाही तेच सिग्नल पकडते. उलट काचेला चिकटवायचा हा पातळ पत्रा न्यूयॉर्कचे सात आणि अकरा नंबरचे चॅनेल धड दाखवत नाही, कारण ते अजून व्हीएचएफवर, म्हणजे मोठी अँटेना लागणाऱ्या लांब लहरींवर आहेत. हे का नाही छापत? पूर्वी मुंग्या यायच्या, तरी मॅच कळायची. जून २००९ मध्ये अमेरिकेतली सगळी मोठी स्टेशनं डिजिटल झाली. आता सिग्नल जरा ढळला की चित्राचे चौकोन, मग काळोख. फुकट दिसणारा टीव्ही लोक वैतागून सोडतात आणि पुन्हा केबलचं बिल भरत बसतात. का भरावं त्यांनी?