जादा पाण्याचा दावा

सोलापुरात नळाला पाणी यायचं तर चार-पाच दिवसांचा वायदा. अशा गावात माझ्यावर दावा लागला तो शेजाऱ्याला जादा पाणी दिल्याचा. माझ्या पत्र्याची पन्हाळ शेजारच्या अण्णांच्या अंगणात ओतते, सबब कायम मनाई हुकूम व्हावा. आमच्याकडचा पाऊस चहा टाकेपर्यंत निघून जातो. त्याला मनाई करायला कोर्ट कशाला हवं? पण बेलीफ समन्स घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा माझे गुडघे मात्र खरोखर पाण्यासारखे झाले.

वकीलसाहेबांकडे जाताना मी हकिकत पाठ केली होती. आजोबा मिलमध्ये होते तिथून सुरुवात. ते भिंत बांधेपर्यंत पोचायच्या आत वकीलसाहेब म्हणाले, "कागद?" पिशवीभर आणले होते. लाइटबिलं, घरपट्टीच्या पावत्या, चुकून आलेली मेहुणीची लग्नपत्रिका. त्यांनी त्यातून सिटी सर्व्हेचा उतारा तेवढा उचलला आणि वकीलपत्रावर पेन्सिलीची फुली मारून दिली. मी सही केली.

"पन्हाळ किती वर्षांची?"

"नवीकोरी! गेल्या दिवाळीलाच बसवली," मी छाती फुगवून सांगितलं.

वकीलसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. 1882 चा ईझमेंट कायदा म्हणे. वीस वर्षं बिनतक्रार, उघडपणे आणि हक्कानं पाणी सोडलं असेल, तर वहिवाटीचा हक्क सांगता येतो.

"साहेब, जुनी पन्हाळ तीस वर्षं तिथंच होती की!"

"कुठंय ती?"

"भंगारात दिली."

"पावती?"

भंगारवाल्याकडून पावती घेणारा माणूस सोलापुरात असेल, तर मला त्याचे पाय धरायचे आहेत. "मी म्हणत होते, राहू द्या ती माळ्यावर," हे बायकोचं वाक्य तर आता घरात रोज सकाळी आरतीसारखं होतं. शेवटी अल्बम धुंडाळून थोरल्याच्या बारशाचा फोटो सापडला. मागे पन्हाळ, गंजलेली पण स्पष्ट. बाळ थोडं अस्पष्ट आहे. वकीलसाहेब म्हणाले, चालेल.

मग कैफियत, म्हणजे दाव्याला आमचं लेखी उत्तर. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत द्यायची, कोर्टानं मुभा दिली तर 90. आम्ही एकोणतिसाव्या दिवशी टायपिस्टपाशी उभे. दाव्यातल्या एकेका कलमाखाली एकच मजकूर पडत होता: "खोटा व लबाडीचा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही." मला ऐकताना मजा वाटू लागली. चौथं कलम येईपर्यंत. अण्णांनी लिहिलं होतं, वादी व प्रतिवादी यांचे संबंध पूर्वीपासून सलोख्याचे होते.

"हे खरंय की ओ साहेब. आमच्या बारशाला पाळणा त्यांचाच होता."

"पुढच्याच ओळीत लिहिलंय, ते संबंध तुम्ही पन्हाळ वळवून बिघडवले. नेमकं नाकारलं नाही, तर कबूल धरतात."

"मग बिघडवल्याचं तेवढं नाकारा."

त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि अर्धं कलम कबूल, अर्धं नाकबूल केलं. त्या पानाचे टायपिंगचे पैसे मला दोनदा द्यावे लागले.

घरी येऊन चप्पल काढतोय, तोच भिंतीपलीकडून हाक आली, "ओ, पाणी आलंय! भरून घ्या लवकर!"

मी बादली घेऊन पळालो.