‘हॅकर म्हणजे चोर’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, शाळेतल्या पालकांच्या अशा सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: हॅकर म्हणजे चोर, कंपन्यांच्या चुका काढून पैसे घेणारे खंडणीखोर, आणि मुलांना एथिकल हॅकिंग, म्हणजे परवानगी घेऊन यंत्रणेतल्या त्रुटी शोधणं, शिकवणं म्हणजे घरात चोर तयार करणं. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्यांनी नुकसान आपलंच होतंय.

आधी चोरीचं बघू. संगणकाच्या जगात ‘हॅक’ हा शब्द रुजला तो अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या रेल्वे मॉडेल क्लबात. खेळण्यातल्या आगगाड्यांच्या वायरिंगमध्ये डोकं घालणारी ती पोरं अवघड गोष्ट युक्तीनं जमवली की तिला हॅक म्हणायची. चोरीचा अर्थ मागाहून चिकटला. चोर नाहीत असं मी म्हणत नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे 94 कोटी रुपये गेले. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, घुसवलं होतं. खात्यात शिल्लक आहे का हे न बघताच ‘मंजूर’ असं उत्तर जात होतं आणि 28 देशांत बनावट कार्डांवर रोकड निघत होती. हा उघड दरोडा आहे. पण अशी भगदाडं चोराच्या आधी सापडावीत म्हणून बँका ज्यांना पैसे देऊन बोलावतात, तेही हॅकरच. फरक परवानगीचा. आयटी कायद्याचं कलम 43 सुद्धा तेच विचारतं: मालकाची परवानगी होती का?

खंडणीचा आरोप मला सगळ्यात जास्त लागतो. 2019 मध्ये लक्ष्मण मुथय्या या तमिळ तरुणानं इन्स्टाग्राममधली एक त्रुटी शोधली. पासवर्ड विसरला की मोबाइलवर सहा आकडी कोड येतो आणि दहा मिनिटं चालतो. सहा आकडे म्हणजे दहा लाख शक्यता. एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच ठिकाणाहून, भराभर कोड टाकले तर इन्स्टाग्राम अडवायचं. हजार वेगवेगळ्या पत्त्यांवरून एकदम टाकले तर नाही. त्यानं तसे दोन लाख कोड पाठवून पाहिले आणि इन्स्टाग्रामची मालक असलेल्या फेसबुकला कळवलं. त्रुटी बुजली, त्याला 30,000 डॉलर मिळाले. या बक्षिसाची योजना कंपनीनंच नियमांसकट जाहीर केलेली होती. यात धमकी कुठे आहे?

राहिला शिकवण्याचा मुद्दा. माझ्या ओळखीचा एक मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. निकाल बघताना ब्राउझरमधल्या पत्त्याच्या शेवटी त्याचा सीट नंबर असायचा. टाइप करताना एक आकडा चुकला आणि वर्गातल्या मुलीची गुणपत्रिका उघडली, जन्मतारीख आणि मोबाइल नंबरसकट. लॉगिन कोणाचं आहे हे वेबसाइट तपासतच नव्हती. त्यानं ते पान बंद केलं आणि सरळ ऑफिसात जाऊन सांगितलं. ‘तू हॅक केलंस, पोलिसांत देऊ,’ असा दम मिळाला. वडिलांना बोलावलं, त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. कशाबद्दल?

एथिकल हॅकिंग नीट शिकवणारे आधी हेच शिकवतात: परवानगी कोणाची घ्यायची, कुठे थांबायचं, सापडलेलं कोणाला कळवायचं. अशा त्रुटींची दखल घेणारी सर्ट-इन ही सरकारी संस्था आहे, तिला ईमेल करता येतो, हे त्या मुलाला ठाऊकच नव्हतं. मी नंतर सांगितलं.

‘नको सर,’ तो म्हणाला, ‘पुन्हा बाबांना बोलावतील.’