शंभरात तीन बायका, पण मोजलं काय?

एक मजकूर फिरत फिरत वर्षातून दोनदा तरी माझ्यापर्यंत येतो. जगातल्या शंभर थोर वचनांची कुठलीही यादी उघडा, बायकांची जेमतेम तीन-चार सापडतील. कारण बायका आयुष्य जगल्या, त्यावर विचार पुरुषांनी केला. पुढे तीन शेपट्या जोडलेल्या असतात. कुणी खरंच विचार केला असता तर नाव झालंच असतं. ज्यांनी लिहिलं त्यांनी घर-संसारावरच लिहिलं. आणि लिहिणाऱ्या सगळ्या रिकामा वेळ असलेल्या. याद्यांत नावं कमी असतात, हे खरं. बाकीचं बघू.

आधी 'नाव झालंच असतं'. "तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते मांडायचा तुमचा हक्क मी मरेपर्यंत जपेन" हे वाक्य या याद्यांत हमखास असतं आणि खाली व्हॉल्टेअरचं नाव असतं. व्हॉल्टेअर हा फ्रेंच विचारवंत १७७८ मध्ये गेला. वाक्य १९०६ सालचं, एव्हलिन बिअट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेचं. हेल्वेशियस नावाच्या तत्त्वज्ञाच्या पुस्तकावरून गदारोळ उठला तेव्हा व्हॉल्टेअरची वृत्ती कशी होती, हे तिने आपल्या शब्दांत सांगितलं आणि त्याला अवतरणचिन्हं दिली. झालं, वाक्य त्याच्या खात्यात जमा. तिच्या पुस्तकावर तिचं खरं नावही नव्हतं, एस. जी. टॅलेंटायर असं टोपणनाव होतं. आपली सर्वांत खोल भीती दुबळेपणाची नसून आपल्या ताकदीची असते, हे 'मंडेलांचं' वाक्यही तसंच. ते मॅरिअन विल्यमसन या अमेरिकन लेखिकेच्या १९९२ च्या पुस्तकातलं आहे. मंडेलांच्या १९९४ च्या शपथविधीच्या भाषणात ते म्हटलं गेलं, असं छातीठोकपणे सांगतात; त्या भाषणात ते नाही. म्हणजे यादी मोजणाऱ्याने वाक्यं मोजलेलीच नाहीत, खालची नावं मोजली.

'घर-संसारावरच लिहिलं' हा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण बाजू घेणारेही तो निमूट मान्य करतात आणि मग "पण मायेलाही मोल असतं" वगैरे सुरू करतात. त्यापेक्षा सतराव्या शतकातल्या मेक्सिकोतली जोगीण सोर हुआना इनेस दे ला क्रूस काय म्हणते ते ऐका. एका बिशपने तिला पत्र लिहून समज दिली, की ऐहिक विद्या पुरे, आता धर्मग्रंथांकडे वळ. गंमत म्हणजे पत्राखाली त्याने सही केली ती एका काल्पनिक जोगिणीच्या नावाने! १६९१ मध्ये तिने उत्तर दिलं. त्यात ती सांगते, की मागे एका मठप्रमुख बाईने पुस्तकं वाचायला मनाई केली, ती तीनेक महिने टिकली. पुस्तक हातात नव्हतं, पण डोळे थोडेच मिटून घेतले होते? दोन मुली भोवरा खेळत होत्या. हिने जमिनीवर पीठ पसरायला लावलं, भोवऱ्याची रेघ कशी उमटते ते बघायला. पूर्ण वर्तुळं उमटली नाहीत. जोर ओसरत गेला तशी रेघ सर्पिल होत गेली. स्वयंपाकघरात तिला दिसलं, की अंडं लोण्यात किंवा तेलात एकजीव होऊन तळलं जातं, पाकात मात्र त्याचे तुकडे होतात. आणि मग ते सुप्रसिद्ध वाक्य: ॲरिस्टॉटलने स्वयंपाक केला असता, तर त्याने आणखी पुष्कळ लिहिलं असतं.

तिने चुलीबद्दलच लिहिलं आहे, नाकारत नाही. पण झाडावरून पडणाऱ्या सफरचंदाला आपण 'बागकाम' म्हणत नाही, मग पाकातलं अंडं तेवढं 'संसार' कसं? तत्त्वचिंतक हॅना आरेंटने १९६१ मध्ये आइखमन या नाझी अधिकाऱ्याच्या खटल्याला बसून दुष्टपणाच्या सामान्यपणाबद्दल जे मांडलं, ते कुठल्या खणात टाकायचं, हे तर हा मजकूर सांगतच नाही.

रिकाम्या वेळाचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं बायकांनीच आधी मांडलंय. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ मध्ये लिहिणाऱ्या बाईला काय लागतं त्याचा हिशोबच दिला: स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड. फ्रेंच तत्त्वचिंतक सिमोन वेल शिक्षिका होती. १९३४-३५ मध्ये ती पॅरिसच्या कारखान्यांत मजूर म्हणून राबली आणि तिथल्या वहीत लिहून ठेवलं, की या जगण्यातला सर्वांत मोठा मोह म्हणजे विचार करणंच थांबवण्याचा. आपल्या बहिणाबाईंना तर लिहिता-वाचताही येत नव्हतं. मनाला उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा त्यांना रिकाम्या वेळात सुचली असेल, असं म्हणणाऱ्याने एकदा जात्याला हात लावून बघावा.

आता थोडं आपल्या बाजूबद्दल, कारण उत्तर म्हणून जे फिरतं तेही फारसं बरं नसतं. "पक्षी उत्तर सापडलं म्हणून गात नाही, गाणं आहे म्हणून गातो" हे वाक्य मी कित्येक वर्षं अमेरिकन कवयित्री माया अँजेलोचं म्हणून सांगितलं. ते जोन वॉल्श अँगलंड या दुसऱ्याच लेखिकेचं आहे, १९६७ मधलं. अमेरिकेच्या टपाल खात्यानेही २०१५ मध्ये ते अँजेलोच्या तिकिटावर छापलं, एवढाच मला दिलासा!

सर्वांत जास्त उलटं झालंय ते "शहाण्यासारख्या वागणाऱ्या बायका सहसा इतिहास घडवत नाहीत" याचं. मॅरिलिन मन्रोच्या फोटोखाली ते बंडाची हाक म्हणून झळकतं. मूळ वाक्य लॉरेल थॅचर उलरिक या अमेरिकन इतिहासकार बाईंचं, १९७६ च्या एका अभ्यासलेखातलं. विषय होता धार्मिक, सालस बायकांच्या मृत्यूनंतर त्यांच्याबद्दल जे लिहिलं गेलं तो. बंड करा असं त्या सांगत नव्हत्या. शहाण्यासारख्या वागलेल्या बायकांची इतिहासाने दखल घेतली नाही, हे त्यांचं दुखणं होतं. पुढे त्यांनी स्वतः एक अशीच बाई शोधली: मार्था बॅलर्ड नावाची सुईण. तिची १७८५ ते १८१२ ची रोजनिशी आधीच्या अभ्यासकांनी क्षुल्लक म्हणून बाजूला सारली होती. उलरिक यांनी तीच ओळीनं वाचली: हवा कशी होती, नदीचं बर्फ कधी फुटलं, कुणाकडे बाळंतपण, कुणी पैसे दिले, कुणी नाही. त्यातून त्यांनी ८१६ जन्म मोजून काढले.