एकरी उतारा

एकच पुस्तक आपण तिसऱ्यांदा आणलंय, हे मला शेवटच्या पानावर कळलं. त्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ‘बरं आहे’ असं लिहिलेलं होतं. त्याखाली त्याच अक्षरात ‘खरंच बरं आहे’. अक्षर माझंच. तालुक्याचं वाचनालय गावापासून 11 किलोमीटर. तीन फेऱ्यांचे झाले 66 किलोमीटर, आणि हाती काय, तर ‘बरं’!

लाज अशासाठी वाटली की आमचा जिल्हा अमरावती. याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी माणसामाणसाला गाठून आठवणी जमवल्या आणि 1278च्या सुमारास लीळाचरित्र लिहिलं. मूळ पोथी धाडीत गेली, तर महानुभावांनी ती आठवून आठवून पुन्हा उभी केली म्हणतात. त्याच मातीत मला दिवाळीत वाचलेलं संक्रांतीला आठवत नाही.

“लिहून काहून नाई ठेवत जी?” बायको म्हणाली. “उधारीवाल्याले बरं समदं याद राह्यते!”

घरात कोरी वही एकच होती. कृषी केंद्रवाला दरवर्षी फुकट देतो ती डायरी. मुखपृष्ठावर गुलाबी बोंडअळीचा हातभर फोटो, आत छापील रकाने : पीक, वाण, पेरणी, फवारणी, कीड-रोग, काढणी, एकरी उतारा, शेरा. आधी वाटलं, यात पुस्तकं कशी मावणार? मग पाहिलं तर सगळे रकाने जणू वाचकासाठीच छापलेले. पीक म्हणजे प्रकार. जागा वाचवायला कादंबरीला ‘का.’ आणि कवितेला ‘क.’ वाण म्हणजे पुस्तकाचं नाव. पेरणी म्हणजे पहिलं पान उघडलं तो दिवस. फवारणीत चहाचे कप. एका रहस्यकथेपुढं कीड-रोगात ‘पानगळ’ लिहिलं, कारण शेवटची आठ पानं कोणी तरी फाडून नेली होती. खुनी अजून मोकाट आहे.

‘उतारा’ पाहून तर मी हरखलोच. आवडलेला उतारा लिहायला स्वतंत्र रकाना! पण रुंदी बोटभर. त्यात ‘तो म्हणाला की’ एवढंच मावलं. शेवटी क्विंटलवर आलो. बरं पुस्तक चार क्विंटल, चांगलं सहा. आमच्याकडं कोरडवाहूत एकरी सहा पिकलं तरी माणूस पेढे वाटतो. त्यामुळं हात आखडताच राहिला. फक्त उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ला (1960) बारा दिले. कौतिकचं बोलणं ऐकताना आपली मायच चुलीपुढून बोलून राह्यली असं वाटतं. त्याला कुठलं माप लावणार? कीड-रोग : नाही. शेरा : रात्री झोप नाही. वाचनालयाचं परत केलं आणि अमरावतीहून स्वतःची प्रत घेऊन आलो.

नोंद खरी ठेवायची म्हटलं की माणसं आडवी येतात. पंचक्रोशीतल्या एका कवींनी आपला संग्रह सप्रेम भेट दिला होता. त्यापुढं मी इमानदारीनं लिहिलं : ‘पैसेवारी 50च्या आत. पंचनामा व्हावा.’ एक दिवस कवी घरी आले आणि मी पाणी आणायला आत गेलो तेवढ्यात त्यांनी डायरी उघडली. बाहेर येतो तर बोट नेमकं त्याच ओळीवर. घामच फुटला. वाण म्हणून संग्रहाचं नाव लिहिलं होतं, पण माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. “तुरीचं आहे ते,” मी म्हणालो. “हो ना,” ते हळहळले, “तूर यंदा समद्याईचीच गेली.” आणि जाताना दुसरा संग्रह देऊन गेले.

वेचणी लागली तशी डायरी बायकोनं ताब्यात घेतली. कापूस मोजायचा काटा पडवीत, डायरीही पडवीत. ‘धग’च्या खालीच तिनं मजूरबायांचे आकडे मांडले : 38 किलो, 41 किलो, 29 किलो. पान कसं भरल्या वावरासारखं दिसू लागलं.

मे महिन्यात धुऱ्याकडचे नानाजी आले. मी अंघोळीला. ते डायरी चाळून, चहा न घेताच निघून गेले. नानाजी चहा सोडतात म्हणजे काही तरी बिनसलं, एवढं कळलं. दोन दिवसांनी बंडी अंगणात थांबवून त्यांनी मला बाजूला घेतलं.

“लेका, कोरडवाहूत बारा क्विंटल? अन् बोलला नाई?”

“कशाचे नानाजी?”

“का. म्हंजे कापूस. वाण धग. अळी नाई, बोंडसड नाई. फवारन्या पाच, थे चालते. रातची झोप नाई लिवलं, म्हंजे डुकरं लय येत असतीन, जागल करू. केंद्रात जाऊन इचारलं म्या.”

“काय म्हणाला तो?”

“म्हने, मालाले लय मागनी हाय, आठ दिवसांत येते, पैसे भरून ठेवा. दोन बॅगांचे भरले.” मग आवाज खाली आणून, “तुयासाठी एक सांगू?”

पाच फवारण्या म्हणजे पाच कप चहा, हे आता सांगावं कसं? माझ्या तोंडून निघून गेलं, “नको नानाजी, माझ्याकडं घरचं आहे.”

नानाजींनी बैलांचा कासरा हातातून सोडला.

“घरचं हाय? मंग मले काहून पैसे भरू देल्ले बे?”