शब्द कळले, बोलणं कळलं नाही

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय आहे: तिसरीतल्या पुतण्याला मराठी शाळेतून काढून इंग्रजी माध्यमात घालायचं का? ‘पुढे बाहेर गेला तर अडेल,’ असं दादाचं म्हणणं. मी नऊ वर्षं इंग्लंडमध्ये, ग्लॉस्टरला राहते. अडतं हे खरं, पण दादाला वाटतं तिथे नाही.

पहिल्याच वर्षी माझा अहवाल वाचून मॅनेजर म्हणाले, ‘क्वाइट गुड.’ मी खूश. तसाच पुढे पाठवला आणि आठवड्याने बोलणी खाल्ली. त्यांना म्हणायचं होतं, ‘ठीक आहे, अजून एक हात फिरवा.’ शेजारी बसणारी पुण्याची मैत्रीण बालवाडीपासून कॉन्व्हेंटमधली. तिलाही ते कळलं नव्हतं.

अशी गफलत जिवावरही बेतते. एप्रिल १९५१ मध्ये कोरियन युद्धात इमजिन नदीकाठी ब्रिटिश लष्कराच्या ग्लॉस्टरशर रेजिमेंटची पहिली बटालियन चिनी फौजेच्या वेढ्यात सापडली. ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना कळवलं, ‘थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर.’ ब्रिटिश कानाला याचा अर्थ, आता धडगत नाही. अमेरिकन सेनापतींना वाटलं, जरा अवघड आहे, पण निभेल. पाचशेहून अधिक जण कैद झाले. कैदेत बटालियनचे प्रमुख कर्नल कार्न यांनी खिळ्यांनी कोरलेला छोटा दगडी क्रूस आमच्या इथल्या कॅथीड्रलमध्ये आहे. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तो दाखवते. आणि ब्रिटिश काय, अमेरिकन काय, दोन्हीकडची मातृभाषा इंग्रजीच होती.

‘बघू’ म्हणजे बहुतेक वेळा नाही, हे आपल्याकडे तिसरीतल्या पोराला पक्कं ठाऊक असतं. आजी ‘नाकाला मिरच्या झोंबल्या’ म्हणाली तर तो मिरच्या शोधत बसत नाही. हा कान आपल्या भाषेत तयार झाला, की ‘आय विल बेअर इट इन माइंड’मधला नकारही लवकर ओळखू येतो. माझा तरी हाच अनुभव.

शाळांचं चुकतं ते वेगळंच. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण वाक्प्रचार म्हणजे अजून पाठ करायची यादी. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ मी दहावीला घोकलं होतं. इतक्या वर्षांच्या पावसात इथे एकाच्याही तोंडून ऐकलं नाही. माझे शेजारी म्हणतात, ‘इट्स टिपिंग इट डाउन.’

दादा, दर शनिवारी अर्धा तास मी त्याच्याशी फोनवर इंग्रजीत बोलेन. पाऊस, क्रिकेट, शेजारचं मांजर, काहीही. शाळा तीच राहू दे.