टिकून राहायलाही संशोधन लागतं

'शेती संशोधनावर खर्च वाढवा, उत्पादकता वाढेल' हे लेखातलं गणित मान्य, पण अर्धंच. आमच्या निपाणी-चिक्कोडी पट्ट्यात उसाची को ८६०३२ ही जात अजून रानोरान दिसते. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेनं काढलेली. नवी जात शेतात यायला दहा-बारा वर्षं सहज जातात, तोवर जुनीला रोग गाठतात. उत्तर प्रदेशात को ०२३८ या जातीनं साखरेचा उतारा कुठल्या कुठं नेला, मग लाल कूज रोगानं तिचीच वाट लावली. म्हणजे आहे तिथं टिकायलाही संशोधन लागतं, आणि तो खर्च उत्पादकता वाढल्याच्या आकड्यात दिसतच नाही.

बाकी आमच्याकडं बेणं अजून शेजाऱ्याच्या खोडव्यातलं, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसातलं! कारखान्याच्या शेतकी माणसाला विचारलं तर म्हणतो, "टनेज पडतंय न्हवं, मग कशाला बदलताय?"