एक कार्ड, चार मशीन: एका आक्षेपाला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. ‘मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरून एकच ग्राफिक्स कार्ड चार व्हर्च्युअल मशीनमध्ये (एका संगणकात सॉफ्टवेअरने उभारलेल्या आभासी संगणकांत) वाटता येते’ हे माझे विधान दिशाभूल करणारे आहे, कारण पासथ्रूमध्ये (अख्खे कार्ड थेट आभासी मशीनच्या हाती देण्याच्या पद्धतीत) ते एकाच मशीनला मिळते आणि खरी वाटणी परवान्याचे पैसे मोजल्यावाचून होत नाही, असा आपला आक्षेप आहे. त्याचा पूर्वार्ध मला मान्य आहे. पासथ्रूसाठी लिनक्समध्ये असलेल्या व्हीएफआयओ या सोयीमार्फत सोपवलेले कार्ड त्या एका मशीनचेच होऊन बसते; ते मशीन चालू असेपर्यंत संगणकावरच्या मूळ लिनक्सलाही ते वापरता येत नाही. पासथ्रूच्या परिच्छेदात वाटणीची भाषा करणे ही माझी चूक होती आणि ते वाक्य मी दुरुस्त केले आहे.

उत्तरार्ध मात्र पटत नाही. एनव्हिडियाच्या व्हीजीपीयू या कार्ड वाटण्याच्या सॉफ्टवेअरला परवाना लागतो, हे खरे. पण इंटेलच्या जीव्हीटी-जी या तशाच सोयीला तो लागत नाही. पाचव्या पिढीपासून दहाव्या पिढीतील कॉमेट लेकपर्यंतच्या अनेक प्रोसेसरांमधील ग्राफिक्स त्यातून वाटले जाते, आणि २०१७ च्या लिनक्स ४.१० पासून केव्हीएम या लिनक्सच्या आभासी मशीन चालवणाऱ्या यंत्रणेसाठी त्याची सोय कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आहे. भावाभावांत शेते वेगळी झाली तरी विहीर सामाईक राहते आणि पाण्याच्या पाळ्या ठरतात, तसाच हा व्यवहार आहे: मेमरीचे तुकडे आधीच पाडून दिलेले असतात, गणन मात्र पाळीपाळीने होते. म्हणूनच शेजारचे मशीन रिकामे बसले असले, तरी त्याच्या वाट्याची मेमरी उसनी घेता येत नाही. नौपाड्यातील माझ्या घरच्या आठव्या पिढीच्या डेस्कटॉपवर दोन मशीन अशीच चालतात. पुढे इंटेलने हा मार्ग सोडून एसआर-आयओव्हीचा (हार्डवेअरनेच स्वतःचे अनेक आभासी भाग पाडून देण्याचा) मार्ग धरला, त्यामुळे नवे यंत्र घेणाऱ्याने जीव्हीटी-जीवर विसंबू नये, हे मी मूळ लेखातच लिहायला हवे होते.

व्हर्जिल या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा मार्ग आणखी वेगळा आहे. त्यात कार्डाचे तुकडे पडतच नाहीत. आतील मशीनच्या ओपनजीएल (चित्र रेखाटण्याच्या) आज्ञा बाहेर पाठवून मूळ लिनक्सच्या ड्रायव्हरकडून पार पाडल्या जातात. लिनक्स डेस्कटॉपसाठी ते पुरेसे आहे, कुडाच्या (एनव्हिडिया कार्डांवरील गणनाच्या) कामासाठी निरुपयोगी.

ऐरोलीतील आपल्या कार्यालयात विंडोजवर कॅड (आराखडे काढण्याचे सॉफ्टवेअर) चालते, असे आपण लिहिले आहे. तेथे व्हर्जिल सुचवण्याचे धाडस मी करणार नाही. एसआर-आयओव्ही असलेले हार्डवेअर मिळत नसेल, तर परवान्याचा खर्च तेथे रास्तच आहे.